खानदेशचा मुसलमान आणि खानेसुमारीचे रकाने

२०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर गेली. त्यात मुसलमान सुमारे १३ टक्के भरले. आकडा वाचणाऱ्याला वाटते, हा सारा एकजिनसी समाज असणार. पण यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गेले की तडवी भेटतो. धर्माने मुसलमान, मुळाने भिल्ल. १८८०च्या खानदेश गॅझेटियरात इंग्रज साहेबांनीही त्याची नोंद मुसलमान भिल्ल अशीच केली आहे.

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशांत अनुसूचित जातींना धर्माची अट घातली गेली, जमातींना नाही. म्हणून कलमा पढणारा तडवी आदिवासी राहिला. मेहतर मुसलमान मात्र अनुसूचित जातींच्या यादीबाहेर पडला. एकाच मशिदीत नमाज पढणाऱ्या दोघांना कायद्याने असे वेगळे केले, आणि त्याची चर्चा आपल्यात फारशी झाली नाही!

यादीत तडवीला स्वतंत्र जागा नाही. तो भिल्लांच्या नोंदीतच येतो. नर्मदाकाठीही तडवी आहेत. ते मुसलमान नाहीत. त्यामुळे जमातीच्या तक्त्यात तो भिल्लांत मिसळतो आणि धर्माच्या तक्त्यात मुसलमानांत.

भाषेचेही तसेच. धुळ्याच्या मोमीन विणकरांचे पूर्वज बव्हंशी उत्तर हिंदुस्थानातून आलेले. त्यांच्या घरी उर्दू. खेड्यातल्या पिंजाऱ्याच्या तोंडी मात्र अहिराणी. जनगणना अहिराणीला 'खानदेशी' या नावाखाली मराठीहून वेगळी मोजते. २०११ साली तिचे साडेअठरा लाख भाषक नोंदले गेले. पण घरात अहिराणी बोलणारे कित्येक मुसलमान मातृभाषा विचारली की अदबीने उर्दू सांगतात.

पिंजारी, बागवान, मणियार, खाटीक यांची जातवार मोजणी १९३१नंतर प्रसिद्ध झालीच नाही. १९९४ साली महाराष्ट्र सरकारने मुस्लिम ओबीसींना सवलती दिल्या, त्याही नेमक्या आकड्यांवाचून. आता ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढल्या जनगणनेत सर्वांची जात विचारण्याचा निर्णय घेतला आहे. इस्लाममध्ये जात नाही, तेव्हा तिथेही 'मुसलमान'च लिहा, असे काही वडीलधारे सांगतात. त्यांची भावना समजते. परंतु धर्माचा रकाना वेगळाच आहे. तडव्याने जमातीच्या रकान्यात 'मुसलमान' लिहिले, तर आदिवासींत एक माणूस कमी होईल आणि मुसलमानांत एकही वाढणार नाही.