वर्गणी आणि प्रसन्नता

यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवणारे विद्यालय, सुरू झाले आणि १९८३ मध्ये ते पुण्यास हलले. तेथील अभ्यासविषय असलेल्या, बायबलच्या नव्या करारात ‘हिलारोस’ (प्रसन्न, हसतमुख) हे ग्रीक विशेषण एकदाच येते. जेरुसलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (९:७) ते दात्याला लावले असून, कुरकुरत किंवा भिडेखातर दिलेल्या दानाशी त्याचा विरोध दाखवला आहे. रोमकरांस पत्रातील (१२:८) ‘हिलारोतेस’ हे नाम मात्र दया करणाऱ्याच्या वृत्तीविषयी आहे, आणि हा फरक सहसा दुर्लक्षिला जातो.