गोष्टीखाली तात्पर्य नको

चित्रपुस्तकांच्या अभ्यासाकडे वळणारे बहुतेक पालक आणि बालवाडीच्या ताई एकच प्रश्न घेऊन येतात: कोणत्या पुस्तकातून मुलाला काय शिकवता येईल? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

1845 साली फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांचं ‘श्ट्रुव्हेलपेटर’ प्रसिद्ध झालं. तीन वर्षांच्या मुलाला नाताळला द्यायला मनाजोगतं पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी ते स्वतःच लिहून रंगवलं होतं. काड्यापेटीशी खेळणारी मुलगी त्यात जळून जाते. सूप नको म्हणणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो. धडा मिळतो, पण भीतीच्या जोरावर.

1963 मध्ये मॉरिस सेंडाकने आपल्या चित्रपुस्तकात दंगेखोर मॅक्सला उपाशी खोलीत धाडलं, आणि तिथून राक्षसांच्या मुलखात. मॅक्सचं मन जसं उधळतं, तसं चित्र पानागणिक मोठं होत जातं. ऐन धुडगुसाच्या तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. परत आल्यावर खोलीत जेवण ठेवलेलं असतं, तेही गरम. राग ओसरतो आणि आईची माया आटत नाही, हे पुस्तकात कुणीही बोलून दाखवत नाही.

पॅट हचिन्सचं ‘रोझीज वॉक’ (1968) मला याहून मोलाचं वाटतं. शब्द सांगतात ते एवढंच, की कोंबडी फिरायला निघाली आणि जेवायच्या वेळेला घरी परतली. कोल्ह्याचं नावही नाही. चित्रात मात्र तो पावलोपावली तिच्या मागे आहे आणि दर वेळी फसतो. अक्षरांवर नजर खिळलेल्या मोठ्या माणसाच्या आधी तो दिसतो अजून वाचता न येणाऱ्या मुलाला. मग मूल सांगतं आणि मोठा ऐकतो. आपलं निरीक्षण खरं ठरतं, ही जाणीव त्या वयात फार मोठी असते. शब्द आणि चित्र यांच्यातल्या अशाच विसंगतीचा पेरी नोडेलमन यांनी ‘वर्ड्स अबाउट पिक्चर्स’मध्ये (1988) बारकाईने विचार केला आहे, या क्षेत्रात शिरणाऱ्याने ते जरूर वाचावं. त्याच वर्षी ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवलं, की चित्रं पाहताना पालकांनी मोकळे प्रश्न विचारले, मुलाच्या उत्तरात भर घातली, तर त्याचं बोलणं लवकर फुलतं.

मराठीत हे पाहायचं तर माधुरी पुरंदरे यांच्याकडे जावं. शब्द आणि चित्रं एकाच हातची असल्याने कोणी किती बोलायचं याचं भान तिथे पक्कं आहे. ‘राधाचं घर’मधली राधा घरच्या माणसांची ओळख करून देते, उपदेश नाही, तरी माणसांकडे आपुलकीनं पाहणं मुलापर्यंत पोचतं.

तेव्हा वाचकहो, पुढची प्रकरणं चाळण्याआधी एक चित्रपुस्तक घ्या, लहान मुलाला शेजारी बसवा आणि पान त्यालाच उलटू द्या. शेवटी ‘यातून काय शिकलास?’ असं मात्र कृपा करून विचारू नका.