चांद्याचा परकोट : दंतकथा, पुरावा आणि प्रवासी

तटाने वेढलेले जुने नगर कसे पाहावे, याचा एक चांगला पाठ स्पेनमधील आविला या नगरात मिळतो. तेथील सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा मध्ययुगीन तट १९८५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. प्रवासी त्याच्या माथ्यावरून चालतो आणि नगराची रचना त्याला पायांखाली उलगडत जाते. चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, या गोंड राजधानीचा परकोट आविलाच्या तटाच्या तिपटीहून अधिक लांब आहे. तरीही या जिल्ह्यात येणारा बहुसंख्य प्रवासी ताडोबाच्या अरण्याकडे निघून जातो. जो थोडा वेळ नगरात थांबतो, त्याला परकोटाची एक कथा तेवढी ऐकावयास मिळते.

ती कथा अशी. खांडक्या बल्लाळशहा या राजाच्या अंगावर गळवे उठली होती. बल्लारपूरहून शिकारीस निघाला असता झरपट नदीच्या पात्रातील एका कुंडाचे पाणी त्यास लागले व तो व्याधिमुक्त झाला. त्या स्थानी अंचलेश्वराचे देवालय उभे राहिले. पुढे त्याच परिसरात एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राणीच्या सल्ल्यावरून, ससा ज्या मार्गाने धावला त्या मार्गावर तटाची आखणी करण्यात आली.

कथा रम्य आहे. परंतु ती एकट्या चांद्याची नाही. कुत्र्यांवर उलटणाऱ्या सशाची हीच कथा विजयनगरच्या स्थापनेविषयी सांगितली जाते आणि अहमदाबादविषयीही सांगितली जाते. नव्या राजधानीच्या भूमीत दुर्बळालाही शौर्य येते, हा तिचा आशय. तेव्हा राजसत्तेने स्वतःच्या स्थानाचे माहात्म्य कसे कल्पिले, याचा पुरावा म्हणून ती मोलाची ठरते; तटाच्या आखणीचा पुरावा म्हणून मात्र ती चालत नाही. आखणीचे कारण भूमीच सांगते. पूर्वेस झरपट, पश्चिमेस इरई आणि दक्षिणेस त्यांचा संगम, अशा दुबेळक्यात हे नगर वसले आहे. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा हे चार दरवाजे असून त्यांखेरीज चोर, विठोबा, हनुमान, मसण व बगड या पाच खिडक्या आहेत. तीन दिशांना पाणी असल्याने नदी न ओलांडता येण्याची मोकळी वाट उत्तरेचीच राहते. नगराची आधुनिक वाढ त्याच बाजूस झाली, आणि जटपुरा दरवाजावर आज वाहनांची जी कोंडी होते तिचे मूळही या रचनेत आहे.

कालनिर्णयाचा प्रश्न अधिक बिकट आहे. १८६९ च्या जमाबंदीच्या निमित्ताने मेजर ल्युसी स्मिथ यांनी स्थानिक परंपरेवरून गोंड राजांची वंशावळ नोंदविली. तीत काही राजांना इतकी दीर्घ कारकीर्द दिली आहे की, नगराची स्थापना तेराव्या शतकात जाऊन पडते आणि बाबाजी बल्लाळशहाचा काळ अकबराच्या पूर्वीच संपतो. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजल या बाबाजीचा उल्लेख समकालीन जमीनदार म्हणून करतो. ही एक नोंद मान्य केली की संपूर्ण वंशावळ खाली ओढावी लागते आणि खांडक्याचा काळ पंधराव्या शतकाच्या आसपास येतो. म्हणून नगरात सर्रास सांगितली जाणारी नेमकी सनावळी पुराव्याने सिद्ध झाली आहे, असे मानता येत नाही. परकोट एका राजाच्या हयातीत पुरा झाला नाही, हे तर परंपराही मान्य करते.

दरवाजांवर कोरलेले हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे चिन्ह गोंड सत्तेची खूण आहे. अंचलेश्वराजवळ राणी हिराईने पती बीरशहासाठी बांधविलेली समाधी त्या सत्तेच्या उत्तरकाळाची साक्ष देते. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या फौजेने तोफांनी तटास खिंडार पाडून हल्ला केला. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. ज्या राजवाड्यातून गोंड राजांनी कारभार केला, त्या आतील कोटात इंग्रजी अमदानीत कारागृह झाले. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच चांद्यात फाशी देण्यात आली. राजवाडा आणि वधस्थान यांचे हे सान्निध्य सशाच्या कथेइतके रंजक नाही. पण १९८२ मध्ये दोन जिल्ह्यांत विभागल्या गेलेल्या या वनप्रदेशाचा एकत्रित इतिहास त्यातून अधिक स्पष्ट दिसतो.

२०१७ मध्ये इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी परकोटावरील झाडोरा व कचरा काढण्याचे काम हाती घेतले आणि तटावरून चालत नगर पाहणे पुन्हा शक्य होऊ लागले. स्वच्छ झालेला तट वाचनीयही व्हावा, हे पुढील कार्य होय. निरनिराळ्या भागांतील दगडकामाची तुलना, दुरुस्त्यांचे थर ओळखणे आणि परकोटाला लागून झालेल्या बांधकामांची नोंद ही कामे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. ती झाल्यास दरवाजावरील फलकात परंपरा आणि पुरावा वेगवेगळे मांडता येतील. प्रवाशाला सशाची कथा अवश्य सांगावी. ती कथा आहे हेही त्याच फलकावर लिहावे.