यवतमाळच्या नोंदींत राहिलेले ‘पोलो’

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले आठशेंहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यांत दाखल झाले. वीसहून अधिक दगावले. पोलिसांच्या नोंदी, राज्य शासनाचा बंदी आदेश, ‘पोलो’ हे कीटकनाशक बनवणाऱ्या कंपनीचे खुलासे आणि स्वित्झर्लंडमध्ये दाखल झालेली तक्रार एवढे कागद त्या हंगामाचे मागे राहिले. ते शेजारी ठेवून वाचताना एकाच प्रश्नाशी थांबावे लागते: माल वापरताना माणूस गेला, तर दोष मालाचा की वापरणाऱ्याचा?

पोलिसांच्या नोंदी आधी पाहू. बाधित व्यक्तीने कोणते कीटकनाशक फवारले होते, हे त्यांत लिहिलेले आहे. ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने त्या मिळवून तपासल्या, तेव्हा ९६ प्रकरणांत सिंजेंटा कंपनीच्या ‘पोलो’चे नाव आढळले, त्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला होता. नोंदीत नाव असणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. त्या हंगामात अनेकांनी दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली होती, आणि आपल्या उत्पादनामुळे हे घडल्याचे कंपनीने सातत्याने नाकारले आहे. तरीही ९६ हा आकडा बाजूला सारण्यासारखा नाही.

‘पोलो’तील घटक डायफेन्थिऊरॉन. पांढरी माशी, तुडतुडे अशा रसशोषक किडींसाठी तो वापरतात. युरोपीय संघाने त्याचा वापर २००२ मध्ये थांबवला, स्वित्झर्लंडने २००९ मध्ये. यवतमाळच्या कृषी केंद्रात मात्र पाकीट मिळत होते, आणि घेणारा विश्वास ठेवत होता तो काउंटरमागच्या माणसाच्या शब्दावर. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लेबलावर विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन हवा. तो लेबलाच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापणारा असावा, आणि सोबतचे माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असावे. पण पाकीट शेतमालक आणतो आणि पंप पाठीवर घेतो तो मजूर. माहितीपत्रक त्याच्या हातात पोहोचतेच असे नाही.

अधिकारी आणि कंपन्या यांच्याकडून आलेले उत्तर बहुतांशी एकच होते: हातमोजे, मास्क, चष्मा वापरला नाही. २०१० मध्ये आयफोन ४ चा अँटेना हातात धरण्याच्या पद्धतीने कमजोर पडू लागला, तेव्हाही ग्राहकांना आधी सांगण्यात आले की फोन वेगळा धरा. गवगवा झाला आणि महिन्याभरात कंपनीने मोफत कव्हर देऊ केले. तिथे गेला तो फोनचा सिग्नल, इथे गेली माणसे. तर्क मात्र तोच आहे, आणि तो मला पटत नाही. दमट उन्हात, अंगाला भिडणाऱ्या उंच पऱ्हाटीत पूर्ण पोशाख घालून दिवसभर फवारणी होत नाही, हे विदर्भात कोणाला ठाऊक नाही? ज्या मालाची सुरक्षितता अशा पोशाखावर उभी आहे, तो कुठे विकला जाणार याचा विचार विकणाऱ्याने करायचा असतो.

कायदा काय म्हणत होता? खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक, हे १९८६ च्या ग्राहक कायद्यातच होते. बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात म्हटले. सदोष रचना किंवा अपुऱ्या सूचना व इशारे यांसाठी उत्पादकाला थेट जबाबदार धरणारे प्रकरण मात्र २०१९ च्या कायद्यात आले आणि जुलै २०२० मध्ये लागू झाले. यवतमाळचे मृत्यू त्याआधीचे.

सप्टेंबर २०२० मध्ये दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांनी बाझेल या स्विस शहरात सिंजेंटाविरुद्ध भरपाईचा दावा मांडला. ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्येच वेगळी तक्रारही गेली.

राज्य शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवसांसाठी थांबवली. १९६८ चा कायदा राज्याला एका आदेशात याहून अधिक मुदत देत नाही, आणि तोवर फवारणीचा मुख्य हंगाम सरत आला होता. त्या यादीत डायफेन्थिऊरॉन होते, आणि सायपरमेथ्रिनसोबतच्या मिश्रणात प्रोफेनोफॉसही. ऑक्टोबर २०२० मध्ये स्विस सरकारने निर्यातीस मनाई करण्याच्या पाच कीटकनाशकांची यादी जाहीर केली, तीत ही दोन्ही नावे आहेत. ती मनाई १ जानेवारी २०२१ पासून अमलात आली.