शुक-सारिका आणि मडकी

वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'तील चौसष्ट कलांत शुक-सारिकांना, म्हणजे पोपट-मैनेला, बोलायला शिकवणे ही एक कला सांगितली आहे. आपल्याकडे राघू पाळला तो बोलण्यासाठी. पिल्लू झाडाच्या ढोलीतून काढून आणायचे, की झाले! त्यामुळे विणीच्या दिवसांत दोन जातींचे पिंजरे जवळ टांगावेत का, हा प्रश्न जुन्या घरांना फारसा पडलाच नाही.

तो आला बजरिगरबरोबर. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८४० मध्ये जॉन गूल्डने तो जिवंत इंग्लंडला नेला आणि पुढे पिंजऱ्यातच त्याची पैदास होऊ लागली. आपला राघू आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळता येत नाही (पिल्ले चोरून विकली जातातच, ते वेगळे). म्हणून आमच्या तीर्थपुरीतही ओसरीवर बजरिगर आणि आफ्रिकेचे लव्हबर्ड दिसतात, घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यांसह.

ही सारी ढोलीत अंडी घालणारी पाखरे. मडक्यासाठी मादी जीव तोडून भांडते. लव्हबर्ड तर जाळीतून शेजारच्या बजरिगरची बोटे चावतो. रानात राघू आणि साळुंकी ढोलीवरून भांडतात, पण हरलेली जोडी उडून जाते. पिंजऱ्यातली जाणार कुठे? तेव्हा दोन जाती एका पिंजऱ्यात नकोतच. शेजारी ठेवायच्या तर मधे वीतभर अंतर आणि आडवा पुठ्ठा हवा. मडकी जोड्यांपेक्षा जास्त आणि सारख्या उंचीवर बांधावीत, कारण उंचावरचे मडके सगळ्यांनाच हवे असते.