येऊ द्या, उस्ताद!

साल १९७९, फेब्रुवारीतली सकाळ. तुम्ही टाटा-मर्सिडीजच्या केबिनमध्ये बसला आहात. मागच्या हौद्यात लातूरच्या डाळमिलमधून भरलेली तूरडाळीची ऐंशी पोती आहेत. पोतं क्विंटलचं, म्हणजे एकूण वजन आठ टन. लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातच आहे. वेगळा जिल्हा व्हायला साडेतीन वर्षं आहेत. बार्शी, टेंभुर्णी, पुणे करत तुम्ही रात्री खंडाळ्याचा घाट उतरलात. पनवेलवरून ठाण्याच्या खाडीवरचा नवा पूल ओलांडलात, जकात भरलीत आणि उजाडता उजाडता मशीद बंदरला पोहोचलात. घाटानं तुमचा कस पाहिला, पण खरी परीक्षा आता आहे. माल ज्या पेढीवर उतरवायचा ती दाणाबंदरच्या एका गल्लीत आत आहे. गल्लीला दुसरीकडून वाट नाही, त्यामुळे गाडी मागे घेतच आत न्यावी लागणार.

गेल्या दिवाळीपर्यंत तुम्ही याच गाडीवर किन्नर होता. टायरमधली हवा बघायची, ताडपत्री बांधायची, रात्री काच पुसायची, गाडी मागे घेताना खाली उतरून हाळी द्यायची. आता लायसन झालंय, सीट तुमची आहे, आणि किन्नर म्हणून गावाकडचाच एक सतरा वर्षांचा पोरगा सोबत आहे. तो तुम्हाला ‘उस्ताद’ म्हणतो. त्या हाकेनं छाती फुगते आणि पोटात गोळाही येतो.

गल्लीच्या तोंडाशी थांबून एकदा सगळं नजरेत घ्या. तुमचा ट्रक आठ फूट रुंद आहे. गल्ली बारा फुटांची, पण एका भिंतीला हातगाड्या लावून ठेवल्यात, म्हणजे उरली दहा. डाव्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. वर लोंबणाऱ्या तारा, पुढे आलेले छज्जे, आणि पेढ्यांच्या पाट्या नेमक्या ताडपत्रीच्या उंचीला. ज्या रस्त्यावर तुम्ही उभे आहात तिथे मागे दुसरा ट्रक येऊन लागलाय, त्याच्यामागे टेम्पो, त्याच्यामागे व्हिक्टोरिया घोडागाडी. हॉर्न सुरू झालेत.

पोरगा उडी मारून मागे पळतो. तुम्ही रिव्हर्स टाकता. दात घासल्याचा आवाज होतो आणि टपरीवरची चार डोकी वर होतात. क्लच पुन्हा दाबा, क्षणभर थांबा, आता टाका. गिअर बसला. ‘येऊ द्या उस्ताद, येऊ द्या!’ हौद्याच्या पत्र्यावर त्याची थाप पडते. थाप पडतेय तोवर चालत राहायचं, थाप थांबली की थांबायचं, हे तुम्हीच त्याला शिकवलंय.

गल्ली तुमच्या डाव्या हाताला आहे, आणि सगळी अडचण तिथंच आहे. तुम्ही बसता उजवीकडे. उजव्या खिडकीतून मान बाहेर काढली की मागचं चाक, भिंत, गटार सगळं दिसतं. डावीकडे मात्र एक लहानसा आरसा आहे, रात्रभर हादरून ढिला झालेला. त्यात दिसतं ते आकाश आणि ताडपत्रीची दोरी. डावी बाजू आंधळी. तिथला प्रत्येक इंच तुम्हाला त्या पोराच्या आवाजावर विश्वास ठेवून काटायचा आहे.

‘डावीकडं काटा! अजून काटा!’ तुम्ही स्टिअरिंग ओढता. पॉवर स्टिअरिंग नाही. पुढच्या धुरीवर आलेलं वजन दोन दंडांनी फिरवायचं. गाडी उभी असताना ते हलतच नाही. चाक जरासं गडगडत असेल तरच वळतं. म्हणून अर्धा क्लच धरून गाडी मुंगीच्या चालीनं सरकत ठेवायची आणि त्याच वेळी हात फिरवायचे. डावीकडे काट मारली की शेपूट डावीकडे जातं आणि नाक उजवीकडे सुटतं. पोरगा मागे आहे, तुमची मान मागे वळलेली आहे, गर्दीचे डोळेही मागेच आहेत. नाकाकडे कुणाचंच लक्ष नाही.

‘ए, ए, ए!’ समोरून ओरड येते. बंपर रस्त्यापलीकडच्या हातगाडीला टेकलाय. वरचा रिकामा डबा खाली पडून रस्ताभर घरंगळतो. काही मोडलं नाही, पण हशा पिकतो. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलाय. कुणीतरी विचारतं, ‘लायसन कुठं काढलं रे?’ कानाच्या पाळ्या तापतात. हात घामानं घसरतो.

याच क्षणी इथे थांबा, कारण अपघात इथेच जन्म घेतो. अडचणीत सापडलेल्या माणसाचं मन आता जागा मोजत नाही, लोकांच्या नजरा मोजतं. एका झटक्यात आत घुसून हे हसणं बंद करावंसं वाटतं. पाय क्लचवरून लवकर उठतो, गाडी एकदम फूटभर सरकते. त्या फुटात कुणाची तरी बोटं असू शकतात, कुणाची पाठ असू शकते. कधी आवाज देणारा किन्नरच भिंत आणि फाळका यांच्या मध्ये उभा असतो. लाजेच्या भरात डाव्या बाजूचा आवाज ऐकू येत नाही, आणि ती बाजू तर आधीच आंधळी.

खिडकीखाली एक माणूस येऊन उभा राहतो. डोक्याला फेटा, कमरेला पोती ओढायचा आकडा. हा माथाडींच्या टोळीचा मुकादम. साताऱ्याकडचा, बोलण्यावरून कळतंच. या बाजारातले बहुतेक माथाडी सातारा-सांगलीकडचे. दहा वर्षांपूर्वी, १९६९ साली, माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून दिलेल्या लढ्याचं ते फळ. त्या कायद्यानं या माणसाच्या पाठीला मोल आणि नावाला नोंद मिळाली. तो हसत नाहीये.

‘डायवर, खाली उतरा. एकदा पायानं मोजून बघा.’

तुम्ही घुटमळता. सगळ्यांसमोर खाली उतरायचं म्हणजे जमत नसल्याची कबुलीच, असं तुम्हाला वाटतं.

‘पोती उतरवायला आम्हाला दोन तास लागत्यात. तुमची धा मिंटं कुणाला जड न्हाईत. उतरा.’

तुम्ही गाडी न्यूट्रल करता, हँडब्रेक ओढता. पोरगा मागच्या चाकाला दगड लावतो. आता गल्लीत चालत जा. वरून जे दिसलं नव्हतं ते खालून दिसतं. गटाराची एक फरशी खचलेली आहे. आठ टन त्यावर गेले तर चाक आत बसेल. तिसऱ्या पेढीची पाटी ताडपत्रीला घासणार, पण उजवीकडे हातभर सरकून गेलं तर सुटेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही सुरुवातच चुकीच्या जागेवरून केली होती. गल्लीच्या तोंडाला लागून उभे होता, म्हणून सगळी काट एकदम मारावी लागत होती. ट्रक गल्ली ओलांडून पुरेसा पुढे न्यायला हवा होता आणि नाक आधीच उजवीकडे, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला धरायला हवं होतं. मग शेपूट आपोआप गल्लीच्या तोंडाकडे रोखलं जातं आणि मागे येताना थोडीच काट पुरते. मागे घेण्याचं निम्मं काम पुढे जाताना होतं. हे कुठल्याही उस्तादाला ठाऊक असतं. ते कळायला खाली उतरून उभं राहावं लागतं, एवढंच.

माथाडी हातगाड्या उचलून बाजूला घेतात. मुकादम मागच्या ट्रकवाल्याकडे जाऊन काहीतरी बोलतो, आणि तो ट्रक दहा-बारा फूट मागे सरकतो. हॉर्न थांबतात. एक माथाडी तुमच्या नाकापाशी जाऊन उभा राहतो, पोरगा मागे डाव्या कोपऱ्यावर. पोराला सांगा, भिंत आणि गाडीच्या मध्ये जायचं नाही, आणि मला उजव्या खिडकीतून तुझा हात दिसत नसेल तर आवाज थांबू द्यायचा नाही. आवाज थांबला की मी थांबलो.

पहिला टाका. पुढे घ्या, नाक उजवीकडे धरा, गल्ली पूर्ण मागे पडू द्या. थांबा. आता रिव्हर्स.

‘येऊ द्या... येऊ द्या... थोडी डावी काट... बास. आता सरळ करा. सरळ! येऊ द्या.’

मध्येच शेपूट भिंतीला लागायला येतं. थाप थांबते. तुम्ही थांबता. पुढे चार फूट, चाकं सरळ, पुन्हा मागे. पुन्हा एकदा पुढे, पुन्हा मागे. आता हसायला कुणी थांबलेलं नाही, कारण आता बघणारेही कामाला लागलेत. खचलेली फरशी दोन चाकांच्या मधून जाते. पाटी सुटते. पेढीच्या पायरीपाशी फाळका येतो, पत्र्यावर शेवटची जोरात थाप पडते आणि पोरगा ओरडतो, ‘बास उस्ताद, लागली!’

फाळका खाली पडतो. टोळीतला पहिला माणूस पाठ वाकवतो, आकडा पोत्यात रुततो. मुकादम तुमच्याकडे मान हलवून पुढे जातो. त्याच्या लेखी विशेष काही घडलेलं नाही. गाडी लागली, काम सुरू झालं.

आता पुढच्या वर्षांकडे या. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून खाडीपलीकडे तुर्भ्याला गेला. नव्वदच्या दशकात धान्य, फळं, भाजीही तिकडे गेली. या गल्ल्यांची कोंडी त्या स्थलांतराचं एक मोठं कारण होतं. तिथे गाळ्यांसमोर ट्रक वळतील असे रुंद रस्ते आखले गेले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी परवान्याच्या चाचणीतच अट घातली की मर्यादित जागेत, डावीकडे किंवा उजवीकडे, वाहन ताब्यात ठेवून मागे घेऊन दाखवता आलं पाहिजे. मोठ्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग आलं, अनेकांना मागे कॅमेरा आला. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. कॅमेरा अंधारातही बघतो आणि आंधळ्या बाजूची भीती कमी करतो. तो प्रत्येक मोठ्या गाडीला असायलाच हवा.

पण कॅमेरा मागच्या ट्रकवाल्याला हॉर्न थांबवायला सांगत नाही आणि हातगाडी बाजूला घेत नाही. आज कित्येक ट्रकवर किन्नर नसतो. चालक एकटा असतो, रात्रभर गाडी चालवून आलेला, आणि पत्ता एखाद्या जुन्या पेठेतला असतो. पुण्याची भवानी पेठ घ्या, नाशिकची पंचवटी घ्या, कोल्हापूरची लक्ष्मीपुरी घ्या. गल्ल्यांची रुंदी तीच आहे, फक्त त्यात दुचाकींची भर पडली आहे. तिथे त्या माणसाला दिसत नाही तेवढं रस्त्यावरच्या आपल्याला दिसतं.

म्हणून जे चालक आहेत त्यांना एवढंच सांगायचं आहे: शंका आली की उतरून बघा, गाडी परत पुढे घ्या, हव्या तितक्या वेळा घ्या. त्यात कमीपणा अजिबात नाही. निष्णात चालक हेच करतो. आणि आपण जे रस्त्यावर उभे असतो त्यांचा वाटा निम्मा आहे. पुढच्या वेळी ट्रक मागे येताना दिसला तर हॉर्न वाजवू नका, मधल्या फटीतून दुचाकी काढू नका, मोबाइलवर चित्रण करत हसू नका. दहा पावलं मागे सरा, त्याच्या आरशात दिसाल अशा जागी उभे राहा आणि आंधळ्या बाजूला कुणी लहान मूल किंवा म्हातारं माणूस नाही ना, ते बघा. जमलं तर हात वर करून मोठ्यानं म्हणा, ‘येऊ द्या!’