अपेक्षेचे माप

कापड मोजण्यास गज असतो, धान्य मोजण्यास पायली असते. आणि मोजणारा बदलला म्हणून गज लांब होत नाही की पायली मोठी होत नाही. माणसाच्या कर्तृत्वाची गोष्ट वेगळी आहे. एखाद्या जागेवर नव्याने आलेल्या माणसाचे माप बहुधा त्या जागेवरून उठून गेलेल्या माणसाच्या कर्तृत्वाने घेतले जाते. आधीचा जितका थोर, तितका नवा तोकडा दिसतो. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा १९६२ पासूनचा इतिहास हा अशा मापाचाच इतिहास आहे.

हा फुटबॉल म्हणजे भारतात पायाने खेळला जातो तो खेळ नव्हे. येथे अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावावयाचे, तो साथीदाराकडे फेकावयाचा आणि शिरस्त्राणे घातलेल्या प्रतिपक्षाची फळी फोडून तो सीमेपार न्यावयाचा असतो. खेळणारे विद्यार्थी असतात. परंतु त्यांच्या जयापजयात सबंध राज्याचा जीव गुंतलेला असतो. नेब्रास्का हे मक्याच्या शेतीचे, विरळ वस्तीचे राज्य. २००० सालच्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या १७ लाखांच्या आसपास होती. अव्वल दर्जाचा व्यावसायिक संघ या राज्यात नाही. त्यामुळे राज्याचा सारा अभिमान विद्यापीठाच्या या एका संघावर एकवटला. संघाचे नावही मातीतलेच, ‘मक्याची कणसे सोलणारे’ अशा अर्थाचे. सामन्याच्या दिवशी लिंकन शहरातील क्रीडांगण भरले की लोकसंख्येने ते राज्यातील तिसरे शहर होते, असे तेथील लोक कौतुकाने सांगतात.

१९६२ साली बॉब डिव्हेनी हे प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा संघाने ओळीने सहा अपयशी हंगाम पाहिले होते. अपेक्षाच अल्प, म्हणून माप हलके! डिव्हेनींनी पहिल्याच वर्षी नऊ सामने जिंकले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण १९६७ व १९६८ या दोन्ही वर्षी केवळ सहा-सहा विजय मिळताच कुरकुर सुरू झाली. पाच वर्षांपूर्वी जे यश स्वप्नवत वाटले असते, ते आता अपयश ठरू लागले. डिव्हेनी मात्र टिकले, आणि १९७० व १९७१ अशी दोन वर्षे त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणले.

१९७३ मध्ये त्यांची जागा टॉम ऑस्बर्न यांनी घेतली. मितभाषी, अभ्यासू, शिक्षकी वळणाचा हा गृहस्थ. दरवर्षी नऊ विजयांखाली तो कधी आला नाही. परंतु ओक्लाहोमाचा संघ हा नेब्रास्काचा हाडवैरी, आणि त्याच्याकडून ऑस्बर्न पहिल्या पाचही वर्षी हरले. मोठा सामना यांना जिंकता येत नाही, असा शिक्का त्यांच्यावर बसला. २ जानेवारी १९८४ च्या रात्री मायामीविरुद्ध अखेरच्या मिनिटात संघ एका गुणाने मागे होता. चेंडू लाथेने खांबांमधून मारून एक गुण मिळवला असता तर बरोबरी झाली असती, आणि तोवर अपराजित असलेल्या नेब्रास्काला अजिंक्यपद बहुधा मिळालेही असते. ऑस्बर्न यांनी बरोबरी नाकारली. विजयासाठी दोन गुणांचा अवघड डाव मांडला. तो फसला आणि सामना ३१-३० असा गेला. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांना मिळाले ते १९९४ साली, म्हणजे बाविसाव्या हंगामात. पुढे १९९५ व १९९७ साली ते पुन्हा मिळाले, आणि २५५ विजय, ४९ पराजय व ३ बरोबऱ्या एवढी पुंजी ठेवून ते निवृत्त झाले.

बावीस वर्षे थांबण्याचा धीर कोठून आला? त्याचे एक कारण असे की, क्रीडासंचालकाच्या खुर्चीवर स्वतः डिव्हेनी बसले होते. तराजू ज्याच्या हाती होता, तो स्वतः कधीकाळी त्याच तराजूत बसलेला होता.

ऑस्बर्न यांच्यानंतर आले फ्रँक सोलिच. डिव्हेनींच्या हाताखाली खेळलेले, ऑस्बर्न यांच्या हाताखाली एकोणीस हंगाम राबलेले, घरचेच माणूस. १९९९ साली बारा विजय. २००१ चा संघ तर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. पण त्या सामन्यात मायामीने ३७-१४ असे हरवले, आणि तत्पूर्वी कोलोरॅडोने याच संघावर ६२ गुण चढवले होते. २००२ मध्ये सात जय, सात पराजय. चाळीस वर्षांत प्रथमच जयांचे पारडे वर राहिले नाही. २००३ मध्ये संघ सावरला, नऊ सामने जिंकला. तथापि मोठ्या पराभवांची बोच उरलीच होती. २८ नोव्हेंबरला कोलोरॅडोवर विजय मिळाला, आणि दुसऱ्याच दिवशी नवे क्रीडासंचालक स्टीव्ह पीडरसन यांनी सोलिच यांना पदमुक्त केले. संघाला सामान्यपणाकडे घसरू द्यावयाचे नाही, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका निराधार होती, असे म्हणता येत नाही. परंतु आकडे शेजारी मांडून पाहावेत. सोलिच यांच्या सहा हंगामांत ५८ विजय व १९ पराजय. ऑस्बर्न यांच्या पहिल्या सहा हंगामांत ५५ विजय, १६ पराजय व २ बरोबऱ्या. दोघांत अंतर ते कितीसे? सहाव्या वर्षी ऑस्बर्न यांच्या हातीही अजिंक्यपद नव्हते. सोलिच यांची तुलना मात्र या ऑस्बर्नशी झाली नाही; ती झाली पंचवीस वर्षांची तपश्चर्या फळाला आलेल्या ऑस्बर्नशी. रोपट्याला वटवृक्षाच्या सावलीचा हिशेब विचारण्यातला हा प्रकार होता.

पुढचा इतिहास बोलका आहे. बिल कॅलहन आले; २००४ साली, १९६१ नंतर प्रथमच, हंगाम तोट्यात गेला. २००७ मध्ये पीडरसन यांनाच जावे लागले. क्रीडासंचालक म्हणून ऑस्बर्न परतले आणि त्यांनी कॅलहन यांना निरोप दिला. धीराचे फळ चाखलेल्या माणसालाही धीर सोडावा लागला, कारण घसरण खरीखुरी होती. त्यांनी नेमलेल्या बो पेलिनी यांनी सातही हंगामांत किमान नऊ सामने जिंकले. ऑस्बर्न निवृत्त झाल्यावर, २०१४ मध्ये, त्यांनाही नारळ मिळाला. नंतर २०१७ ते २०२३ असे ओळीने सात हंगाम तोट्यात गेले. १९९७ च्या विजयी संघाचा नायक स्कॉट फ्रॉस्ट प्रशिक्षक होऊन आला, तोही १६ विजय व ३१ पराजय एवढेच पदरी घेऊन २०२२ मध्ये गेला. नऊ विजय ज्या गावाला एकेकाळी अपुरे वाटले, तेच गाव सहा विजयांसाठी आसुसले.

मग प्रशिक्षक अपेक्षेला उतरला की नाही, हे ठरवावे तरी कसे? केवळ जयापजयांची वही पुरत नाही. ऑस्बर्न यांनी १९९५ साली आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण करणाऱ्या नामांकित खेळाडूस त्याच हंगामात संघात परत घेतले. त्या वर्षी अजिंक्यपद मिळाले. पण या निर्णयावर देशभर टीका झाली, आणि विद्यार्थ्यांचे घडणे हेही ज्यांच्या मापात बसते त्यांच्या दृष्टीने तो डाग राहिलाच. हाती काय आले होते, किती अवधी मिळाला, जाताना काय ठेवले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून दिलेला निवाडा एकांगी ठरतो. चौथा प्रश्न निवाडा देणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा असतो : आपली अपेक्षा या माणसाकडून आहे की गेलेल्या काळाकडून?

सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले. त्या लहान संघाबरोबर त्यांनी २००५ ते २०२० या काळात ११५ सामने जिंकले. २०२३ च्या वसंतात नेब्रास्काने त्यांना सन्मानाने बोलावले. वीस वर्षांपूर्वी ज्या क्रीडांगणाने त्यांना तोकडे ठरवले होते, तेथे जमलेले लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते. सोलिच यांचे ५८ विजय तेवढेच राहिले होते. बदलले होते ते लोकांच्या हातातले माप.